मधून मोजली तर सहावी

घर,
बुधवार, ३ सप्टेंबर

चि. बाळ हिस,

अनेक आशीर्वाद. जास्त झाले तर तुझ्या बोगद्याच्या कामावरच्या मंडळींना वाटून टाक. वि. वि. आम्ही आजोबा-नात खुशाल आहोत, आणि तू जेवणाच्या वेळा पाळतेस असं मी धरून चालतो.

टक्, टक्, टक्.

आज सकाळी न्हाणीघरातून हा आवाज आला आणि मी चहाचा कप हातात धरून तसाच बसून राहिलो. बाळ, तीस वर्षांनी ऐकला गं. तू एवढीशी होतीस. मी न्हाणीघराच्या दारात स्टूल टाकून बसायचो, माझी चौथीच्या पुस्तकातली नावाड्याची कविता म्हणायचो, आठच्या आठ कडवी, आणि तू बेसिनशी उभी राहून दात घासायचीस. शेवटचं कडवं संपलं की तू ब्रश बेसिनच्या काठावर तीनदा आपटून पाणी झटकायचीस. टक्, टक्, टक्. कवितेला पूर्णविराम मिळायचा. तुझी आई स्वयंपाकघरातून म्हणायची, झालं वाटतं तुमचं संमेलन. आज भिंगरीने हुबेहूब तसंच केलं. तिला कुणी शिकवलं? कुणीच नाही. रक्तातून येतं हे.

तू आरशावर चिकटवून गेलेली बारा कलमांची यादी तशीच आहे, वाफेने जरा कडा सुटल्या आहेत. पण तिची गरज पडत नाही. तू लिहिलंस दोन मिनिटं घासायचं. माझी कविता सव्वादोन मिनिटांची आहे. पाचव्या कडव्यात नाव मधोमध येते, दोन्ही काठ दिसेनासे होतात, आणि नावाडी हाक मारतो ती कुणालाच ऐकू जात नाही. तिथे माझे डोळे आपोआप मिटतात, तुला ठाऊकच आहे. उघडतो तेव्हा पोरीचं तोंड धुऊन पुसून झालेलं असतं, ब्रश पेल्यात उभा असतो. सकाळ-संध्याकाळ, एक दिवस खाडा नाही. जावईबापूंना जहाजावर पत्र लिहिशील तेव्हा कळव की दातांची चिंता नको.

आता ती स्वतः पत्राच्या शेवटी लिहायचं म्हणते आहे, तेव्हा मी उठतो. लोभ आहे तेवढा आहेच, उत्तर मात्र लांबलचक हवं.

तुझे
बाबा

*आई, मला सहा कडवी येतात. झोपताना आजोबा एका कडव्याला एक लिंबाची गोळी देतात. गोळी गालात ठेवून झोपलं की सकाळपर्यंत पुरते. आठवं कडवं पाठ झालं की दोन मिळणार आहेत. तू कधी येणार.*


छावणी,
सोमवार, ८ सप्टेंबर

ती. बाबांस,

शि. सा. न., आणि लगेच मुद्द्यावर येते, कारण सामानाचा ट्रक अर्ध्या तासात खाली निघतो.

लिंबाच्या गोळ्या आजपासून बंद. बरणी वरच्या फळीवर ठेवू नका, घराबाहेर काढा. रात्री दात घासल्यावर पाण्याशिवाय काही द्यायचं नाही, हे यादीतलं तिसरं कलम आहे. बाबा, तुम्ही ती यादी एकदा तरी वाचलीत का? पोर गालात साखरेचा खडा धरून रात्रभर झोपते, आणि तुम्ही मला रक्तातून काय काय येतं ते लिहिता.

दुसरं. कविता म्हणा, सोळा कडव्यांची म्हणा, पण डोळे उघडे ठेवून. तिच्या हाताला मागचे दात सापडत नाहीत. ब्रश तुमच्या हातात हवा. चाळीस वर्षं चष्म्याच्या दुकानात काचा घासल्यात, सगळ्या गावाला दिसायला लागलं तुमच्यामुळे. मग घरातल्या एका पोरीच्या तोंडापुढेच तुमचे डोळे का मिटतात?

तिसरं, आणि हेच सगळ्यांत महत्त्वाचं. टॉर्च घेऊन तिच्या तोंडात बघा. अगदी मागे, खाली आणि वर, नव्या दाढा येत असतील. मी निघाले तेव्हा खालची उजवी पूर्ण वर आली होती. तिच्यावर काळं-तपकिरी काही दिसतंय का, तेवढंच लिहा. बाकी पत्र कोरं पाठवलंत तरी चालेल.

आणि त्या टकटकीचं मला पुन्हा लिहू नका. कुठलीही आई तो आवाज ऐकून खूश होणार नाही. का, ते विचारू नका.

इथे डोंगर दोन्ही बाजूंनी पोखरणं चालू आहे आणि मी दिवसभर मोजते. छावणीत एकच फोन, तोही साहेबांच्या खोलीत. तिथे चौघांसमोर ओरडून तोंडातल्या दाढांबद्दल बोलता येत नाही. तुम्ही पत्रच लिहा, पण खरं लिहा.

भिंगरीला पापा. तुमच्यावर रागावले आहे, तरी माया कमी झालेली नाही, हे आपलं नेहमीचं.

तुमची
बाळ


घर,
शुक्रवार, १२ सप्टेंबर

चि. बाळ हिस,

आशीर्वाद आहेतच, रागावलेल्या मुलींना जरा जास्तच. वि. वि. तुझं पत्र आलं आणि दोन दिवस मी घरात पाय वाजवत नव्हतो.

गोळ्यांची बरणी समोरच्या शिंप्याला देऊन टाकली. त्याने कारण विचारलं, मी सांगितलं नाही. भिंगरीने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी शिंप्याकडे आपल्या बरणीची चौकशी करायला गेली. सातवं कडवं पाठ करायला आता ती तयार नाही. म्हणते, फुकट कोण म्हणेल.

आणि डोळे उघडे ठेवतो आहे, बाई. तीन दिवस ठेवतो आहे, आणि काय काय बघावं लागतंय म्हणून सांगू! ब्रश माझ्या हातात आला की तिच्या अंगात वारं शिरतं. दात घट्ट आवळते. गाल फुगवते. जीभ मध्ये घालते. ब्रश चावून त्याचे केस वाकवून ठेवलेत, तीन दिवसांत दुसरा आणला. परवा जेवणाच्या टेबलाखाली शिरली, मीही शिरलो, तिथून माझी कंबर परत निघेना. तिला गुदगुल्या केल्या की हसून तोंड उघडते, मी ब्रश आत घालतो, ती मिटते, आणि आम्ही दोघं त्या एका ब्रशला धरून उभे. सव्वादोन मिनिटांची कविता पंधरा मिनिटांत तिसऱ्या कडव्यापुढे सरकत नाही. नावाडी अजून काठावरच आहे. माझा घसा बसला, तिची पेस्ट फ्रॉकवर. पूर्वी गाणं-गजर असलेलं न्हाणीघर आता आखाडा झालं आहे. तू शिस्त पाठवलीस आणि शांतता घेऊन गेलीस.

टक्टक्ही बंद झाली. तुला तिचा राग का, ते विचारत नाही. विचारू नको म्हणालीस.

बरं, तू सांगितलंस तसं तोंडात पाहिलं. टॉर्च धरली, दुकानातलं माझं जुनं भिंग डोळ्याला लावलं. तशी ती खूश होऊन आपणच आ करून बसली, तेवढ्यात पाहून घेतलं. खाली उजवीकडे शेवटच्या दाढेवर, मधल्या खाचेत, टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका आहे. खरं लिही म्हणालीस, लिहिलं. पण त्यात घाबरण्यासारखं काही नाही. दुधाचेच दात ते. पुढचे दोन आत्ताच हलताहेत, वर्षा-दोन वर्षांत मागचेही पडतील आणि तो ठिपकाही त्यांच्याबरोबर जाईल. पडणाऱ्या पानावर कोण औषध मारतं? तळमजल्यावर एक दातांची डॉक्टरीण आली आहे, नवी पाटी लावली आहे, पण एवढ्यासाठी पोरीला तिथल्या खुर्चीची दहशत कशाला दाखवायची, म्हणून गेलो नाही.

उलट टपाली हसरं पत्र पाठव. लोभाची थकबाकी तुझ्याकडे निघते.

तुझे
बाबा


छावणी,
मंगळवार, १६ सप्टेंबर

ती. बाबांस,

शि. सा. न. हा नमस्कारही रागातच.

ती दाढ दुधाची नाही.

मधून मोजा. पुढच्या दोन दातांच्या मधल्या फटीपासून एका बाजूने मोजत मागे जा. एक, दोन, तीन, चार, पाच. पाचपर्यंत दुधाचे. सहावी दुधाची नसते, बाबा. ती कायमची. ती येताना पुढचा कुठलाच दात पडत नाही, रक्त येत नाही, कुणी कौतुक करत नाही. गुपचूप मागे येऊन बसते, आणि घरातली माणसं तिला दुधाची समजून सोडून देतात. ती गेली तर तिच्या जागी दुसरी येत नाही. सातव्या वर्षापासून म्हातारपणापर्यंत तिनेच पोरीला जेवू घालायचं आहे. तिच्यावर तुम्ही झाडाची पानं लिहिता.

पत्र मिळेल त्या क्षणी चपला घाला आणि खाली जा. दुसऱ्या दिवशी नाही, चहा पिऊन नाही.

मी काल साहेबांकडे रजा मागायला गेले. ते म्हणाले, बोगद्याची दोन्ही बाजूंची तोंडं एकमेकांना भेटेपर्यंत मोजणीचं माणूस हलू शकत नाही, आणि मोजणीचं माणूस मी एकटीच. म्हणजे ऑक्टोबर अखेर. मी म्हणाले, मुलीच्या दाताचं आहे. त्यांनी असं पाहिलं माझ्याकडे, जसं मी केसांच्या रिबिनीसाठी रजा मागते आहे. आख्खा डोंगर मी बोटभर चूक न करता आरपार मोजते, आणि माझ्या पोरीच्या तोंडात दोन इंच आत काय चाललंय ते मला दिसत नाही. चिडचिड होते हो. रात्री डोळा लागत नाही, दिवसा आकडे चुकतात, मग पुन्हा मोजते.

कृपा करून, या वेळी स्वतःचं काही डोकं चालवू नका. फक्त खाली जा.

लोभाचं नंतर बघू.

बाळ


घर,
सोमवार, २२ सप्टेंबर

चि. बाळ हिस,

आशीर्वाद. या पत्रात हसण्यासारखं थोडं आणि रडण्यासारखं बरंच आहे, कुठून सुरुवात करू समजत नाही.

मोजली. सहावीच निघाली. भिंग ठेवून दिलं, कारण मला ते हातात धरवेना. अर्ध्या तासात आम्ही खाली होतो, मी चहा घेतला नव्हता हे मुद्दाम लिहितो.

डॉक्टरीण तरुण आहे, बोलायला नीट आहे. खोली स्वच्छ, खुर्ची निळी, खिडकीत कुंडी. भिंगरी खुर्चीत बसली, खुर्ची वर जाताना हसली, दिवा लागला तशी हसायची थांबली, आणि छोटा आरसा तोंडाजवळ आला तसं जे तोंड मिटलं ते मिटलंच. मी समजावलं, दटावलं, विनवलं. बाहुलीचे दात आधी तपासले. शेवटी मी तिची हनुवटी धरली, लाज वाटते लिहिताना, आणि डॉक्टरणीने आरसा घातला. तिला ठिपका दिसला तेवढ्यात भिंगरीने तिच्या बोटाचा कडकडून चावा घेतला. हातमोजा फाटला. डॉक्टरणीने बोट धुतलं, रागावली नाही, पण मला बाहेर घेऊन तिने जे सांगितलं ते शब्दशः लिहितो. म्हणाली, "आजोबा, कीड अजून वरवरची आहे. साफ करून दाढ आत्ता भरली तर जन्मभर टिकेल. पण दोन आठवड्यांच्या आत भरायला हवी. आणि पुन्हा ओढून आणू नका. ओढून आणलेलं तोंड मला उघडता येत नाही." कीड आत दाताच्या नसेपर्यंत गेली तर मोठं दुखणं, आणि तेही साधलं नाही तर दाढ काढावी लागेल.

घासायचं कसं तेही तिने करून दाखवलं. पोरीचं डोकं आपल्या मांडीवर, तोंड छताकडे. ब्रश पेन्सिलीसारखा धरायचा, मुठीत नाही. वाटाण्याएवढी पेस्ट. हिरडीपासून छोटे छोटे गोल, बाहेरून, आतून, आणि मागच्या दाढेवर ब्रश आडवा घालून. मग थुंकायचं, खळखळून चूळ भरायची नाही. तुझ्या यादीत हे सगळं आहेच. काल मी पहिल्यांदा ती बाराही कलमं उभ्याने वाचली.

मांडीवर ती येते, हे त्यातल्या त्यात बरं. तिथे निदान आडवी असते. पण खुर्चीचं नाव काढलं की दगड.

मग मी एक उपाय केला. तुला ठाऊक आहे, माझी कवळी मी कुणासमोर काढत नाही. तुझ्या आईनेही ती बाहेर पाहिली असेल चार वेळा. शनिवारी दुपारी मी भिंगरीला समोर बसवलं, दार लावलं आणि कवळी काढून टेबलावर ठेवली. म्हटलं, बघ, दात नाही जपले की काय होतं. मग तशाच बोळक्या तोंडाने नावाड्याची कविता म्हणू लागलो. बाळ, ती कविता मी साठ वर्षं म्हणतो आहे. त्या तोंडाने ती म्हणताच येत नाही. नुसता वारा आणि थुंकी. पहिल्या कडव्यात मीच थांबलो. मला वाटलं, पोरगी घाबरेल, रडेल, आणि मग खाली येईल.

तिने कवळी उचलून उलटसुलट करून पाहिली. डोळे विस्फारले. आणि म्हणाली की तिलाही अशीच हवी. हातात घेऊन घासता येते, कुणाच्या मांडीवर डोकं ठेवावं लागत नाही, नको तेव्हा पेल्यात ठेवता येते. सगळे खरे दात पडेपर्यंत ती थांबायला तयार आहे. संध्याकाळी शिंप्यालाही सांगून आली. तो आता माझ्याकडे बघून तोंडावर हात धरतो.

मी हरलो, बाळ. तीन दिवस गेले, अकरा उरले. आणि एक गोष्ट मनाला फार लागून राहिली आहे. तुझ्या वेळी मी हे सगळं हसतखेळत केलं होतं. मला कुणी यादी दिली नव्हती, टॉर्च नव्हती, तरी नुसत्या कवितेवर तुझे दात मोत्यासारखे राखले मी. मग हिच्याच वेळी काय चुकलं? म्हातारा झालो एवढंच, की काळच बदलला?

लोभ असू दे. माझ्याकडे दात नसले तरी मागायला तोंड आहे.

तुझे
बाबा


छावणी,
शुक्रवार, २६ सप्टेंबर

ती. बाबांस,

शि. सा. न. या वेळचा नमस्कार खरा वाकून.

हे पत्र मी तीन वेळा लिहून फाडलं. चौथ्यांदा लिहिते आहे ते तुम्ही विचारलंत म्हणून. हिच्याच वेळी काय चुकलं, असं तुम्ही विचारलंत. काहीच वेगळं चुकलं नाही, बाबा. माझ्या वेळीही हेच झालं होतं.

पाचव्या कडव्याला तुमचे डोळे मिटले की मी ब्रश नळाखाली धरायची. तोंडात घालायचीच नाही. तशीच उभी राहून तुमच्याकडे बघत ऐकायची. तुमचा चेहरा तेव्हा फार छान दिसायचा. कविता संपत आली की ओला ब्रश काठावर तीनदा आपटायची, म्हणजे तुम्हाला वाटावं, झालं. ती टक्टक् म्हणजे माझी थाप होती. तुम्ही पहिल्या पत्रात लिहिलंत की भिंगरीही तसंच करते, तेव्हाच मी ओळखलं. कुणी शिकवावं लागत नाही हो ते. प्रत्येक पोराला आपलं आपण सुचतं.

मी नऊ वर्षांची असताना माझी खालची डावी दाढ काढली. सहावीच. तुम्ही आठवडाभर कामासाठी बाहेरगावी गेला होतात. आई मला घेऊन गेली. परत येताना मी विचारलं की बाबांना काय सांगायचं. ती म्हणाली, "काही सांगायचं नाही. त्यांना कळलं तर ते कविता म्हणायचं सोडतील." नंतर मला ब्रश तिनेच हाताला धरून शिकवला, तुम्ही कामावर गेल्यावर. तुमची सकाळची कविता आपली चालू राहिली.

मी अजून डाव्या बाजूने चावत नाही. शेजारची दाढ त्या फटीत कलली आहे, वरची खाली उतरली आहे. थंड पाणी उजव्या बाजूने पिते. तुम्ही माझ्यासमोर बसून इतकी वर्षं जेवलात, तुमच्या लक्षात आलं नाही, आणि मी येऊ दिलं नाही. त्या सकाळी मला खरंच आवडायच्या, बाबा. त्या खोट्या नव्हत्या. पण तेवढ्यासाठी मी एक दाढ दिली आहे, आणि माझ्या पोरीने तेच द्यावं अशी माझी इच्छा नाही.

मी हे तुम्हाला दुखवायला लिहीत नाही. पण मी इथे डोंगरात अडकले आहे आणि तिथे फक्त तुम्ही आहात. मला तुमचे डोळे हवे आहेत, उघडे. तिला काय सांगायचं ते मला सुचत नाही. तुम्हीच ठरवा. सजवून मात्र सांगू नका.

नेहमीसारखीच तुमची, आणि आज जरा जास्त,
बाळ


घर,
बुधवार, १ ऑक्टोबर

चि. बाळ हिस,

आशीर्वाद लिहायला आज पेन उचलत नाही, तरी लिहितो, कारण ते माझ्यापाशी दुसऱ्या कशापेक्षा जास्त आहेत.

तुझं पत्र काल दुपारी आलं. मी ते न्हाणीघरातल्या स्टुलावर बसून वाचलं, का कोण जाणे, पाय तिकडेच गेले. तीनदा वाचलं. मला आधी तुझ्या आईचा राग आला. तीस वर्षं तिने मला जपण्यापायी तुझं तोंड मिटून ठेवलं. मग वाटलं, मी अशा जातीचा माणूस होतो की घरच्यांना माझ्यापासून एक दाढ लपवावीशी वाटली. त्यात तिला काय बोलायचं? ती गेली, आता तिला बोलताही येत नाही मला. मी तुझ्यासमोर इतकी वर्षं जेवलो, आणि तू कुठल्या बाजूने चावतेस ते पाहिलं नाही. दुकानात आलेल्या परक्या माणसाच्या डोळ्यातलं पाव नंबराचं कमीजास्त मी त्याच्या बसण्यावरून ओळखायचो.

मला माफ कर असं लिहिणार होतो. ते खोडलं. माफी मागितली की तुला लगेच द्यावी लागेल, तू तशीच आहेस. त्यापेक्षा काय केलं ते सांगतो.

आज सकाळी भिंगरीचे दात घासून झाले. मांडीवर डोकं, ब्रश पेन्सिलीसारखा, सगळं यादीबरहुकूम. गेले आठ-नऊ दिवस मी घासताना कविता म्हणत नाही, आकडे म्हणतो. एक ते सहा, चारही बाजूंनी. तिला कंटाळा येतो, मलाही येतो, पण डोळे उघडे राहतात. नंतर मी तिला तशीच मांडीवर ठेवून तुझं सांगितलं. नावाडी नाही, नदी नाही. म्हटलं, तुझ्या आईची एक दाढ नाही. ती लहान असताना मी डोळे मिटून बसायचो, तिने ब्रश तोंडात घातला नाही हे मला दिसलं नाही, दाढ किडली, काढावी लागली, पुन्हा आली नाही. तुझीही तशीच सहावी दाढ किडते आहे. तुझ्या वेळीही मीच डोळे मिटले, आणि वर गोळ्या दिल्या. म्हणजे चूक दोन्ही वेळा माझी. तुझी नाही.

मग तिने विचारलं की आईला दुखतं का. मी म्हटलं, थंड पाण्याने दुखत असेल, ती सांगत नाही. मग विचारलं की काढताना आईने तोंड स्वतः उघडलं होतं की कुणी धरलं होतं. मला माहीत नाही, असं सांगितलं. खरंच माहीत नाही. मग तिने विचारलं की कवळी आई का लावत नाही. मी म्हटलं, खोटा दात लावता येतो गं, खरा येत नाही. ते तिला पटलेलं दिसलं नाही.

दुपारी तिने नेहमीसारखा गोंधळ घातला. वरणात हात घालून बसली, मग फरशीवर लोळली, मी रागावलो, आणि या वेळी खरोखर आवाज चढवला. म्हटलं, दोन दिवस उरलेत, मी काय करू, तुझ्यापुढे हात टेकले. ती उठली आणि बाहुली घेऊन आतल्या खोलीत गेली. मघाशी डोकावलो तर पांघरुणाचा ढीग दिसला, म्हटलं झोपली. झोपू दे.

बाळ, मला पुढचं सुचत नाही. डॉक्टरणीने ओढून आणू नका म्हटलं आहे आणि ही चालत जाणार नाही. उद्या तुमच्या साहेबांच्या खोलीत फोन करावा का? तू फोनवर तिच्याशी बोललीस तर कदाचित. चौघांसमोर तुला ओरडून दाढांबद्दल बोलावं लागेल, तेवढं एकदा सोस. नाहीतर मी ट्रकवाल्याला गाठून तिला तिकडेच घेऊन येतो, छावणीत कुणीतरी दवाखान्यातलं माणूस असेलच ना. म्हाताऱ्याच्या डोक्यातून याहून

दार वाजतंय. शिंपी असेल, थांब.

चष्मा घ्यायला आत आलो आहे, तेवढ्यात खरडतो. शिंपी नाही. दारात तळमजल्याची डॉक्टरीण उभी आहे, आणि तिच्या बोटाला धरून आपली भिंगरी. पांघरुणाखाली बाहुली होती. ही कधी निसटली मला कळलं नाही. अनवाणी जिना उतरली, दवाखान्यात शिरली, आपली आपण निळ्या खुर्चीत चढून बसली म्हणे, आणि आ केला. डॉक्टरीण म्हणाली, घरचं मोठं माणूस शेजारी असल्याशिवाय मी हात लावणार नाही, म्हणून दोघी मला न्यायला वर आल्या आहेत.

आणि बाळ, तिचं तोंड अजून उघडंच आहे. खालपासून तशीच आली आहे, जबडा ताणून, लाळ हनुवटीवर, डोळ्यांत पाणी. एकदा मिटलं तर पुन्हा उघडणार नाही अशी तिलाच भीती आहे, असं डॉक्टरीण सांगते. बोलत नाही, नुसती हाताने खुणावते आहे मला, चला, लवकर